नऊशेच्या पुढची वाक्यं

दादा नक्की काय करतो असं कुणी विचारलं की मी सांगायची, जुन्या कॉम्प्युटरांना नवी मेमरी करून देतो. ऐकणारा मान डोलवायचा आणि विषय बदलायचा. पुढे पुढे मी नुसतं "रिपेअरिंग" म्हणून मोकळी होऊ लागले.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. ऑफिसातली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत त्यानं एकतीस वर्षं काढली. कंपनी बंद पडली तेव्हा बाकीच्यांनी खुर्च्या-कपाटं घरी नेली, यानं भंगारात निघालेले कॉम्प्युटर आणले. आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीकडे माझं शिलाई मशीन आणि भिंतीकडे त्याचं टेबल. त्याच्या तारा जोडायच्या सोल्डरचा वास मी शिवलेल्या पडद्यांना लागायचा. एका गिऱ्हाइकानं पडदा कुठे जळलाय का म्हणून उलटसुलट करून पाहिला होता. माझ्या दोऱ्यांचे तुकडे त्याच्या बोर्डांवर सापडायचे, त्यावरून तो मला ऐकवायचा. एकंदरीत बरं चाललं होतं.

चाळीसेक वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरात मेमरी म्हणजे काळ्या चिपांच्या दोन रांगा, एकेका रांगेत आठ. त्यातली एक जरी गेली तरी सगळं मशीन खुळ्यासारखं बघत बसतं. तशा चिपा आता कुणी बनवत नाही, आणि शोधून मिळाल्या तरी त्याही तेवढ्याच म्हाताऱ्या. म्हणून दादा त्याच मापाचा नवा बोर्ड करायचा. तळहाताएवढा, जुन्या जागी अलगद बसणारा, वर आजकालची एकच चिप. सोळा जणींचं काम ती एकटी करते आणि तरी दिवसभर जांभया देत बसते, असं तो म्हणायचा. बोर्ड मागवणारे बहुतेक पन्नाशीचे बाप्ये. लहानपणीचा खेळ त्याच मशीनवर पुन्हा एकदा खेळायचा, एवढीच त्यांची हौस. एकानं मशीन मांडीवर घेऊन काढलेला फोटो पाठवला होता, घरात पाळणा हलल्यासारखा.

त्यामुळे ड्रायव्हर आमच्या दारात आला तेव्हा दादाला वाटलं, हाही त्यातलाच.

तो बसचा ड्रायव्हर होता, नुकताच निवृत्त झालेला. उभा आडदांड माणूस, पण बोलायला लागला की हातातली पिशवी या हातातून त्या हातात करायचा. त्यानं खेळाचं काही विचारलं नाही. म्हणाला, माझी बायको एका मशीनमधून बोलते, आणि ते मशीन आता शब्द गिळायला लागलंय.

त्याची बायको टेलिफोन ऑपरेटर होती. अठरा वर्षांपूर्वी तिला नसांचा आजार झाला. आधी पाय गेले, मग हात, मग आवाज. राहिला उजवा अंगठा. त्या वेळी एका इंजिनिअरनं तिला एक जुना कॉम्प्युटर बोलका करून दिला होता. पडद्यावर अक्षरांच्या ओळींवरून एक उजेडाची पट्टी सरकायची. हव्या त्या ओळीवर पट्टी आली की अंगठ्याखालचं बटण दाबायचं, मग हव्या त्या अक्षरावर पुन्हा दाबायचं. असं करत करत वाक्य पुरं झालं की मशीन ते मोठ्यानं म्हणायचं. रोज लागणारी वाक्यं ती नंबर देऊन साठवून ठेवायची, म्हणजे पुढच्या वेळी नुसता नंबर दाबला की झालं. अठरा वर्षांत अशी अकराशे चाळीस वाक्यं जमली होती.

मशीन बनवणारी कंपनी कधीच उठली होती. तो इंजिनिअरही हयात नव्हता. हॉस्पिटलातल्या लोकांनी नवं, चकचकीत मशीन देऊन पाहिलं, पण जुनी वाक्यं त्यात जाईनात. ती सगळी पुन्हा भरायची तर अंगठ्यात आता तेवढी ताकद राहिली नव्हती. शिवाय नव्या मशीनचा आवाज गोड होता. दोन आठवडे तो ऐकून तिनं नवऱ्याला विचारलं होतं, "ही बाई कोण?"

दादा मला बरोबर घेऊन गेला. बाईमाणसाच्या खोलीत एकट्यानं कसं जायचं, असा त्याचा जुन्या वळणाचा विचार. खोली तळमजल्यावर होती. खिडकीला लागून पलंग, पलंगावर आडवं सरकणारं टेबल, त्यावर ते बोजड मशीन. ऑपरेटरबाई उशांना टेकून बसल्या होत्या. चेहरा हलत नव्हता, पण डोळे असे होते की मी पटकन पदर सारखा केला.

मशीन बोललं, "या. बसा. आमचे हे चहा वाईट करतात."

आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा सपाट. तो बावन्न नंबर होता, ड्रायव्हरनं सांगितलं. आल्या-गेल्याला ऐकवायचं ठरलेलं वाक्य. मशीनला ळ म्हणता यायचा नाही, वेळेला ते वेल म्हणायचं. त्यामुळे ऑपरेटरबाईंनी अठरा वर्षं ळ चुकवून बोलायची सवय केली होती. दिवस मावळला म्हणायचं तर त्या म्हणायच्या, उजेड गेला.

दादानं मशीन चालू ठेवूनच त्याचं झाकण काढलं आणि आत टॉर्च मारला. मग त्यानं मलाच आत दाखवलं. मेमरीच्या बोर्डावर एक छोटी बॅटरी होती, ती फुटून पाझरली होती. आजूबाजूला हिरवट-पांढरी बुरशी चढली होती, जुन्या नळाच्या तोंडाशी चढते तशी. चिपांना जोडणाऱ्या तांब्याच्या बारीक रेघा तिनं कुरतडल्या होत्या. सगळी वाक्यं त्या सोळा चिपांत होती आणि त्या बॅटरीच्या जिवावर होती. मशीन एकदा बंद केलं की ती परत येतील याची आता खात्री नव्हती.

दादानं ऑपरेटरबाईंना सगळं सरळ सांगितलं. तो कधी गोड करून सांगत नाही, त्याला येतच नाही. म्हणाला, बॅटरीच लागणार नाही असा नवा बोर्ड करून देतो. जुन्यावरून नव्यावर वाक्यं उतरवून घेऊ. तोपर्यंत मशीन बंद करू नका.

पट्टी सरकली, बटणाची टिकटिक झाली. "किती दिवस?"

"तीन आठवडे."

त्यानं ड्रायव्हरला वाक्यं वहीत उतरवून ठेवायलाही सांगितलं. ड्रायव्हर रोज संध्याकाळी वही घेऊन बसायचा. बाई नंबर दाबायच्या, मशीन बोलायचं, तो लिहायचा. पण त्या लवकर थकायच्या.

त्या तीन आठवड्यांत दादाला खेळ मागणाऱ्यांची आठवण राहिली नाही. मी मात्र दर बुधवारी ऑपरेटरबाईंकडे जाऊन बसायला लागले. ड्रायव्हर तेवढ्या वेळात औषधं, बाजार उरकून यायचा. मी उशांचे अभ्रे हातशिलाईनं दुरुस्त करायची आणि त्या मला टोमणे मारायच्या. बारीक टाके घाला, मी आत राहते, असं एकदा म्हणाल्या.

दुसऱ्या बुधवारी ड्रायव्हर बाहेर पडला आणि दाराची कडी वाजली तशी त्यांनी पट्टी सुरू केली. मी सुई खाली ठेवली. एकेक अक्षराला अर्धं मिनिट लागत होतं.

"नऊशेच्या पुढची त्यांच्यासाठी."

मी विचारलं, म्हणजे काय? पुन्हा टिकटिक.

"नंतर."

मला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा मी नुसती मान हलवली. नऊशेच्या पुढे दोनशे चाळीस वाक्यं होती. चार वर्षं त्या ती रचत होत्या. आवाज बंद करून, नवरा घरात नसताना किंवा स्वयंपाकघरात भांडी घासत असताना. दादाला सांगितलं तर चालेल का, एवढं मी विचारलं. त्यांनी एकदा डोळे मिटले, म्हणजे हो.

बोर्ड वेळेवर झाला. दादानं आमच्या घरच्या तशाच एका मशीनवर तो आठ दिवस चालवून पाहिला होता. ज्या दिवशी बसवायचा त्या दिवशी तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघाला.

वाक्यं उतरायला पाऊण तास लागणार होता. पडद्यावर आकडा चढत होता. शंभर, दोनशे, तीनशे. ड्रायव्हर पलंगाच्या पायाशी उभा होता. पाचशेच्या पुढे पडदा एकदा थरथरला. दादा पुढे झाला. पडदा पुन्हा थरथरला आणि त्यावरची अक्षरं एकदम वेडीवाकडी झाली. बुरशीनं खाल्लेली कुठलीशी रेघ एवढं सलग वाचताना तापलेल्या बोर्डाच्या उष्णतेनं तुटली होती आणि दुसऱ्या रांगेतल्या दोन चिपा गेल्या होत्या.

मी दादाला यंत्रांसमोर कधी गोंधळलेला पाहिला नव्हता. त्या दिवशी तो दोन्ही हात हवेत धरून उभा राहिला. मशीन बंद करावं तर उरलेलंही जायचं, चालू ठेवावं तर आणखी काय जाईल ते सांगता येत नव्हतं. हात लावायला जागाच नव्हती. आम्ही चौघं त्या चढणाऱ्या आकड्याकडे बघत राहिलो. अकराशे चाळीसला तो थांबला.

दादानं नवा बोर्ड बसवला. मशीन झटक्यात सुरू झालं. ऑपरेटरबाईंनी बावन्न दाबला, वाक्य धडधाकट आलं. पाचशेपर्यंतची सगळी ठीक होती. मग त्यांनी सातशे दहा दाबला आणि मशीन काहीतरी असं बोललं की ड्रायव्हरनं तोंड फिरवलं.

दादानं समजावून सांगितलं. मशीनमध्ये एका अक्षराचे आठ तुकडे असतात आणि रांगेतली एकेक चिप एकेक तुकडा सांभाळते. दोन चिपा गेल्या, म्हणजे त्या रांगेतल्या, पाचशेच्या पुढच्या वाक्यांतल्या प्रत्येक अक्षराचे दोन तुकडे गेले. वाक्यं आहेत, पण फुटक्या काचेतून दिसावीत तशी. एकेका अक्षराच्या जागी चार वेगवेगळी अक्षरं असू शकतात. शांतपणे बसून, अर्थ लावत गेलं तर बहुतेक परत लावता येतील.

वहीत सहाशे चाळीसपर्यंत उतरवून झालं होतं. राहिली पुढची. आम्ही रोज सकाळी जाऊन बसायला लागलो. दादा पडद्यावरचं कडबोळं वाचायचा, मी शब्द सुचवायची, बरोबर असला की ऑपरेटरबाई बटण दाबायच्या आणि ड्रायव्हर वाक्य वहीत उतरवायचा. एका वाक्यात पाणी होतं की राणी, यावर दहा मिनिटं गेली. शेवटी राणी निघाली. मी विचारलं, ही राणी कोण? त्यांनी नवऱ्याकडे डोळे वळवले आणि तो म्हणाला, समोरच्या घरातली मांजर. त्या दिवसांत आम्ही त्या खोलीत हसलोही, खोटं कशाला सांगू? एकदा तर दादानं ड्रायव्हरच्या बहिणीबद्दलचं एक वाक्य इतकं चुकीचं लावलं की ड्रायव्हरला दम लागेपर्यंत हसू आलं.

सोळा दिवसांत आम्ही नऊशेला पोचलो.

दादाला मी आधीच सांगून ठेवलं होतं. ड्रायव्हर औषधांच्या दुकानात गेल्यावर त्यानं खुर्ची पलंगाजवळ घेतली. पुढची वाक्यंही लावता येतील, म्हणाला, पण ती मला वाचावी लागतील. मी नको असेन तर ही वाचेल. वाचल्याशिवाय लागणार नाहीत.

ऑपरेटरबाईंनी बराच वेळ पट्टी नुसतीच फिरू दिली. ओळीमागून ओळ उजळत होती, त्या दाबत नव्हत्या. मग दोन अक्षरं दाबली.

"नको."

"बाई, नीट विचार करा. पुन्हा लिहायला फार अवघड जाईल."

"पुसा."

दादानं माझ्याकडे पाहिलं. दोनशे चाळीस वाक्यं, चार वर्षं, एका अंगठ्यानं. पण त्यातलं एकही मला वाचायला दिलेलं नव्हतं. दादानं तिसऱ्यांदा विचारलं, त्यांनी डोळे मिटले. मग त्यानं त्यांच्यासमोरच ती पुसली. त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही. ड्रायव्हर परत आला तेव्हा मी उगाचच खिडकीचा पडदा सारखा करत होते. नऊशेच्या पुढच्यांचं काय झालं, हे त्यानं विचारलं नाही.

बोर्ड उत्तम चालला. एकदाही अडला नाही. आमचं काही चालेना ते अंगठ्यापुढे. ऑपरेटरबाईंनी नवीन वाक्यं लिहायला घेतली. बुधवारी मी असायची तेव्हा आवाज बंद करून लिहायच्या, मी पाठ फिरवून शिवत बसायची. आधी अक्षराला अर्धं मिनिट, मग एक, मग तीन. पट्टी सगळ्या ओळींवरून फिरून यायची आणि अंगठा हलायचाच नाही. मी एकदा म्हटलं, मला सांगा, मी कागदावर लिहून देते आणि पाकीट चिकटवून टाकते. त्यांनी नऊ मिनिटं घेऊन मला उत्तर दिलं.

"मग ते तुमचं होईल."

दादानं बटण हलकं करून दिलं. मग त्याहून हलकं, नुसत्या स्पर्शानं दबणारं. मग कागद हलला तरी दबेल असं. त्यानंतर करण्यासारखं काही राहिलं नाही, तरी तो दर दोन दिवसांनी जायचा, मशीनची मागची वायर काढून पुन्हा घालायचा आणि परत यायचा. सात महिन्यांनी अंगठा थांबला. नंतर त्या फक्त डोळे मिटून हो आणि उघडे ठेवून नाही सांगायच्या. थंडी संपता संपता गेल्या.

महिन्याभरानं ड्रायव्हर मशीन घेऊन आमच्याकडे आला. ते माझ्या कापायच्या टेबलावर ठेवलं. म्हणाला, तुमच्याकडेच असू दे, कुणाच्या उपयोगी पडेल. दादा म्हणाला, साहेब, यात अजून सगळं आहे. हा बोर्ड बॅटरीवर नाही. तुम्ही ऐकलं का सगळं?

ड्रायव्हरनं मान हलवली. "मला पुढचे नंबर येत नाहीत. नऊशेपर्यंतचेच वहीत आहेत."

दादानं मशीन लावलं आणि पाहिलं. नऊशेच्या पुढे चार वाक्यं होती. चौथं अर्धवट. त्यानं अक्षरांकडे न बघता नुसते नंबर मोजले, हे मी शेजारी उभी राहून पाहिलं. मग बटण कसं दाबायचं ते ड्रायव्हरला दाखवलं आणि आम्ही दोघं आतल्या खोलीत गेलो. दार लावून घेतलं. पलीकडून तो सपाट आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. तो चार वेळा आला. मग पुन्हा पहिल्यापासून. मग बराच वेळ काहीच नाही.

ड्रायव्हरनंच दार उघडलं. डोळे कोरडे होते. त्यानं विचारलं, "एवढीच होती?"

मी सांगितलं. आधी दोनशे चाळीस होती, ती फुटली, आम्हाला वाचू द्यायला नको म्हणून त्यांनी पुसायला लावली.

तो माझ्या स्टुलावर बसला. म्हणाला, "ती लिहिते ते मला ठाऊक होतं. आवाज बंद केला तरी बटणाची टिकटिक यायचीच. मी नळ मोठा सोडायचो, म्हणजे तिला वाटावं मला ऐकू येत नाही."

मग त्यानं दादाला विचारलं, "लावता आली असती?"

मला वाटलं दादा आता तरी काहीतरी मऊ बोलेल. तो म्हणाला, "बहुतेक सगळी."

ड्रायव्हरनं मान हलवली, ती वर-खाली की आडवी, मला नीट सांगता येणार नाही. आमच्यावर तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं मशीनची वायर गुंडाळली, ते उचललं आणि आपल्याबरोबर परत नेलं. दादा खाली रस्त्यापर्यंत त्याला पोचवायला गेला, पण मशीनला हात लावू का म्हणून विचारायचं धाडस त्याला झालं नाही. तो नुसताच रिकाम्या हातांनी बाजूनं चालत राहिला.

वर आल्यावर त्यानं टेबलावरचा दिवा लावला आणि कामाला न बसता तसाच उभा राहिला.

"मी एक प्रत ठेवायला हवी होती," तो म्हणाला. "त्यांना न सांगता."

"ठेवली असतीस तर आज त्याला दिली असतीस?"

त्यानं विचार केला. त्याचा चेहरा मी लहानपणापासून ओळखते, तो खरंच विचार करत होता.

"माहीत नाही," तो म्हणाला.

मी स्टूल शिलाई मशीनपाशी ओढलं आणि एका शर्टाची बाही उसवायला घेतली.